नोटर डेम, १९४३: ऐन युद्धात जिंकलेलं अजिंक्यपद कितपत खरं मानायचं?

प्रश्न असा आहे: १९४३ साली अमेरिका दुसऱ्या महायुद्धात पुरती गुंतलेली होती, कॉलेजांतली धडधाकट मुलं गणवेशात गेली होती, तरीही इंडियाना राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठाचा फुटबॉल संघ राष्ट्रीय विजेता ठरला. शेवटचा सामना तर ते हरलेसुद्धा. मग हे अजिंक्यपद खरं मानायचं, की नौदलाने पदरात टाकलेलं? आणि कोणता खेळाडू कधी बोलावला जाईल याचा नेम नसताना प्रशिक्षक संघ बांधत तरी कसे होते?

आधी थोडक्यात सांगतो. अजिंक्यपद खरं आहे, आणि युद्धकाळातल्या बहुतेक अजिंक्यपदांपेक्षा भक्कम आहे. मात्र त्या हंगामातले दहाही निकाल सारख्या वजनाचे नाहीत. काही विजय मोठे दिसतात, पण आतून पोकळ आहेत. काही एका गुणाचे आहेत, पण सगळ्या हंगामाचा भार त्यांच्यावर आहे. कोणता कसला हे ओळखायचं तर सर्वांत आधी १ नोव्हेंबर १९४३ ही तारीख लक्षात ठेवावी लागते. तिचं कारण पुढे येईलच.

इथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. अकरा जणांचा संघ, दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न, चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याची शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याला ६ गुण, त्यानंतरची किक बसली तर आणखी १, मैदानातून मारलेल्या गोलला ३. पंधरा मिनिटांचे चार भाग, म्हणजे क्वार्टर. एवढं ठाऊक असलं की पुढचं समजायला अडचण येत नाही.

खेळायला कोण उरलं होतं?

नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचं वय अठरावर आलं. त्याच दिवशी कॉलेज फुटबॉलचा जुना हिशेब संपला. आता संघात कोण असू शकत होतं? अठरा पूर्ण न झालेली मुलं, वैद्यकीय तपासणीत नापास झालेले किंवा त्याच कारणाने सैन्यातून परत पाठवलेले, आणि सैन्याने स्वतःच कॉलेजात शिकायला बसवलेले प्रशिक्षणार्थी. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेण्याची सूट मिळाली ती याच टंचाईमुळे.

तिसरा गट निर्णायक ठरला. नौदलाला अधिकारी हवे होते आणि त्यासाठी शिकलेली मुलं हवी होती. १ जुलै १९४३ ला त्यांनी व्ही-१२ नावाची योजना सुरू केली. देशभरातल्या १३१ कॉलेजांत मुलं ठेवली, गणवेश दिला, महिन्याला ५० डॉलर पगार दिला. आठवड्याला साधारण १७ तासांचे वर्ग आणि साडेनऊ तास शारीरिक कसरत असा रगाडा होता. मरीन दलाची मुलंही याच योजनेत होती. आणि एक सवलत होती: अभ्यास आणि कवायत सांभाळून कॉलेजच्या संघातून खेळायला मुभा.

भूदलाचीही कॉलेजांत अशीच योजना होती, पण त्यांचा नियम उलटा. प्रशिक्षणार्थींना खेळांसाठी वेळ नाही, सबब कॉलेज संघातून खेळायचं नाही. हा एवढा फरक त्या वर्षीचा नकाशा बदलून गेला. ज्या विद्यापीठात नौदलाची तुकडी आली त्यांच्याकडे खेळाडू आले, जिथे भूदलाची आली तिथे मैदान ओस पडलं. अलाबामा, टेनेसी, ऑबर्न, केंटकी अशा दक्षिणेतल्या नावाजलेल्या विद्यापीठांनी १९४३ मध्ये संघच उतरवला नाही. मिशिगन स्टेटनेही हंगाम रद्द केला. ओहायो स्टेटचं उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखं आहे. पॉल ब्राउन यांच्या हाताखाली १९४२ मध्ये ते राष्ट्रीय विजेते होते. १९४३ मध्ये तेच प्रशिक्षक, तेच मैदान, पण सतरा-सतरा वर्षांची पोरं घेऊन खेळावं लागलं आणि तीन विजय, सहा पराभव असा निकाल लागला. पॉल ब्राउन यांची अक्कल एका वर्षात कमी झाली नव्हती.

दुसरा परिणाम याहून विचित्र. नौदलाने मुलांना आपल्या सोयीने एका कॉलेजातून दुसऱ्यात हलवलं. विस्कॉन्सिनचा धावपटू एलरॉय हर्श मरीनच्या तुकडीबरोबर मिशिगनला गेला आणि तिथून खेळला. मिनेसोटाचा बिल डेलीही मिशिगनला. इलिनॉयचे अ‍ॅलेक्स अ‍ॅगसी आणि टोनी बटकोविच पर्ड्यूला. परिणाम सरळ होता: विस्कॉन्सिनने १९४२ मध्ये ओहायो स्टेटला हरवलं होतं, त्याच विस्कॉन्सिनला १९४३ मध्ये दहापैकी एकच सामना जिंकता आला. पर्ड्यू मात्र नऊच्या नऊ जिंकून अपराजित राहिलं.

नोटर डेमकडे नौदल होतं. युद्धात विद्यार्थीसंख्या घटून खासगी विद्यापीठांचे आर्थिक हाल सुरू झाले होते, तेव्हा नौदलाच्या तुकड्यांनी त्यांना तारलं. नोटर डेम आणि नेव्हल अकादमी यांच्यातला वार्षिक सामना पुढे पिढ्यान् पिढ्या सुरू राहिला त्यामागे हीच कृतज्ञता आहे.

तेव्हा "नौदलाने दिलेला संघ" या म्हणण्यात तथ्य आहेच. पण नौदलाचा लाभ मिशिगनला झाला, पर्ड्यूला झाला, नॉर्थवेस्टर्नला, जॉर्जिया टेकला आणि ड्यूकलाही झाला. त्या सगळ्यांतून नोटर डेम वर आलं ते कशामुळे, हा खरा प्रश्न.

लेहींचा टी

फ्रँक लेही १९४१ मध्ये नोटर डेमचे मुख्य प्रशिक्षक झाले. ते स्वतः नोटर डेमचे जुने नामवंत प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांच्या हाताखाली खेळलेले, त्यामुळे रॉकनींचा 'बॉक्स' हा जुना व्यूह त्यांनी मोडला तेव्हा माजी विद्यार्थ्यांना ते रुचलं नाही. १९४२ पासून त्यांनी टी फॉर्मेशन आणलं. शिकागो बेअर्स हा व्यावसायिक संघ आणि क्लार्क शॉनेसी यांचा १९४० चा स्टॅनफर्डचा संघ यांनी ते गाजवलेलं होतं. पहिल्या वर्षी निकाल बेताचे लागले: सात विजय, दोन पराभव, दोन बरोबरी. १९४३ मध्ये तोच व्यूह मुरला.

टी फॉर्मेशन युद्धकाळाला का मानवलं, हे समजून घेण्यासारखं आहे. तोवर बहुतेक कॉलेजं 'सिंगल विंग' खेळत. त्यात सेंटर, म्हणजे पुढच्या रांगेतला मधला खेळाडू, चेंडू मागे चार-पाच यार्डांवर उभ्या असलेल्या टेलबॅककडे फेकतो. तो टेलबॅक धावतो, पास टाकतो, किकही मारतो. तिन्ही कामं एकाच माणसाकडे. असा माणूस एकतर लवकर सापडत नाही, आणि सापडला नि नौदलाने ऑक्टोबरअखेर उचलला, तर आक्रमणच संपलं.

टीमध्ये क्वार्टरबॅक सेंटरला खेटून उभा राहतो आणि चेंडू हातातून हातात घेतो. त्याच्या मागे चार-साडेचार यार्डांवर तीन धावपटू आडवे. कामाची वाटणी होते: क्वार्टरबॅक चेंडू देतो किंवा पास टाकतो; धावायचं काम त्या तिघांचं, म्हणजे हाफबॅक आणि फुलबॅकचं. धावपटू पूर्ण वेगात असतानाच त्याच्या पोटाशी चेंडू येतो, म्हणून पुढच्या रांगेला प्रतिस्पर्ध्याला फार वेळ दाबून धरावं लागत नाही. सिंगल विंगमध्ये एका प्रतिस्पर्ध्यावर दोघे तुटून पडायचे. टीमध्ये क्षणभर खिंड उघडली की पुरे. जाडजूड, कसलेले लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेतले गडी, दुर्मीळ झालेल्या काळात हा मोठा फायदा होता.

या व्यूहाची एक कमकुवत जागा आहे, ती म्हणजे चेंडू हातात देण्याचा क्षण, स्नॅप. प्रत्येक चालीची सुरुवात तिथून होते, म्हणून एकच चूक वीसदा महागात पडते. हा क्षण जरा जवळून पाहू. क्वार्टरबॅकचा पास टाकायचा हात वर, सेंटरच्या मांडीच्या सांध्याशी दाबून धरलेला, तळवा खाली. दुसरा हात त्याच्या खाली, दोन्ही अंगठे एकमेकांना टेकलेले. सेंटर चेंडू वर आणताना पाव वळसा देतो, म्हणजे चेंडूची शिवण बरोबर क्वार्टरबॅकच्या बोटांखाली येते. चेंडू दोन कारणांनी सुटतो. एक, क्वार्टरबॅकला मागे वळायची घाई होते आणि चेंडू तळव्यात बसायच्या आत हात निघतात. दोन, सेंटर चेंडू देता देता पुढे झेपावतो आणि क्वार्टरबॅकचे हात त्याच्याबरोबर पुढे जात नाहीत. उपाय एकच: हातांनी सेंटरचा पाठलाग करायचा, चेंडू बसल्याचा धक्का तळव्याला जाणवेपर्यंत. हे फळ्यावर शिकवता येत नाही. दोघांची उंची, हातांचा दाब आणि आवाजाची लय जुळेपर्यंत दोघांनी रोज शेकडो वेळा ते करावं लागतं.

म्हणून टीमध्ये क्वार्टरबॅक बदलणं वरवर सोपं आणि प्रत्यक्षात नाजूक असतं. व्यूह तसाच राहतो, धावपटू तेच, रांग तीच. पण स्नॅपपासून हातात चेंडू देण्यापर्यंतची सगळी लय नवी बसवावी लागते. ज्याचा पहिला क्वार्टरबॅक जाणार हे आधीच ठरलेलं आहे, त्या प्रशिक्षकाने दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून मुख्य सेंटरबरोबर उभं करायला हवं. युद्धकाळात संघ बांधायच्या कलेचं हे मर्म आहे. राखीव फळी वेगळ्या कोपऱ्यात सराव करत बसली, तर नोव्हेंबरात ती कामाला येत नाही.

बर्टेली सहा सामने, लुजॅक चार

पहिला क्वार्टरबॅक होता अँजेलो बर्टेली, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा. १९४१ मध्ये तो टेलबॅक म्हणून खेळला होता. पास अचूक, पण पळायला संथ. टीने त्याच्या अंगावरचं पळण्याचं ओझं काढून घेतलं आणि तो खुलला. १९४३ मध्ये सहा सामन्यांत त्याने फक्त ३६ पास टाकले, त्यांतले २५ पोहोचले, ५१२ यार्ड मिळाले आणि १० टचडाउन झाले. प्रत्येक पासमागे सरासरी १४ यार्ड. ३६ हा आकडा छोटा वाटेल, पण चेंडू पळवूनच काम होत असताना लेही पास राखून ठेवत. बचाव पुढे गोळा झाला की मगच बर्टेली फेकायचा.

चेंडू पळवणारा मुख्य गडी क्रेटन मिलर. रॉकनींच्या १९२४ च्या गाजलेल्या चौकडीतल्या डॉन मिलर यांचा पुतण्या. उच्च रक्तदाबामुळे भूदलाने त्याला परत पाठवलं होतं, म्हणून तो पूर्ण हंगाम मिळाला. ९११ यार्ड धावून तो त्या वर्षी देशात पहिला आला. पुढच्या रांगेत कर्णधार पॅट फिली गार्डला, जिम व्हाइट टॅकलला, जॉन योनाकोर रांगेच्या टोकाला म्हणजे एंडला, हर्ब कोलमन सेंटरला. बर्टेली, मिलर, फिली, व्हाइट आणि योनाकोर हे पाचही जण त्या वर्षीच्या 'ऑल-अमेरिकन' म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या मानाच्या यादीत निवडले गेले. एकाच कॉलेजातले पाच, यावरून त्या संघाची खोली कळते.

आता १ नोव्हेंबर. व्ही-१२ चं वर्ष सोळा-सोळा आठवड्यांच्या तीन सत्रांत विभागलेलं होतं: जुलै, नोव्हेंबर आणि मार्चच्या आरंभी सत्र सुरू व्हायचं. फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरअखेर. म्हणजे सत्र बदलण्याचा दिवस बरोबर हंगामाच्या पोटात यायचा. पहिलं सत्र संपताच ज्यांची पाळी त्यांना पुढच्या प्रशिक्षणतळावर रवाना करण्यात आलं. बर्टेली ३० ऑक्टोबरला क्लीव्हलंडमध्ये नेव्हीविरुद्ध, म्हणजे नेव्हल अकादमीच्या संघाविरुद्ध, खेळला आणि मग साउथ कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंड या मरीनतळावर गेला. हाच फटका पर्ड्यूला बसला, बटकोविच असाच गेला. तो पुढे १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत मारला गेला. मिशिगनचा डेलीही गेला. सगळेच एका दिवशी वेगळे संघ झाले.

बर्टेलीच्या जागी आला जॉनी लुजॅक. पेनसिल्व्हेनियातल्या कॉनेल्सव्हिलचा, वय अठरा, कॉलेजचं दुसरं वर्ष. पहिलीच कसोटी ६ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर, आर्मीविरुद्ध, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संघाविरुद्ध. त्याने दोन टचडाउन पास टाकले, तिसरा टचडाउन स्वतः पळून केला आणि बचावात असताना आर्मीचा एक पासही हिसकावला. नोटर डेम २६, आर्मी ०. त्या काळी तेच अकरा जण आक्रमणही करत आणि बचावही, हे विसरू नका. लुजॅक बर्टेलीपेक्षा चपळ होता आणि बचावात कितीतरी सरस. पास टाकण्यात मात्र तो अजून बर्टेलीच्या जवळ पोहोचला नव्हता.

निकाल कसे वाचायचे

हंगामाचे निकाल असे: पिट्सबर्ग ४१-०, जॉर्जिया टेक ५५-१३, मिशिगन ३५-१२, विस्कॉन्सिन ५०-०, इलिनॉय ४७-०, नेव्ही ३३-६, आर्मी २६-०, नॉर्थवेस्टर्न २५-६, आयोवा प्री-फ्लाइट १४-१३ आणि शेवटी ग्रेट लेक्सकडून १४-१९ असा पराभव. एकूण ३४० गुण केले, ६९ दिले.

यातले विस्कॉन्सिन आणि इलिनॉयविरुद्धचे ९७-० बाजूला ठेवा. ते दोन्ही संघ नौदलाने आधीच रिकामे केलेले होते. त्यांच्यावरच्या विजयातून नोटर डेमबद्दल फारसं काही कळत नाही. अशा गुणसंख्या पाहून "काय जबरदस्त संघ" म्हणणारे आणि "प्रतिस्पर्धीच दुबळे" म्हणणारे, दोघेही याच दोन निकालांवर बोट ठेवतात. दोघांनीही दुसरीकडे बघायला हवं.

मिशिगनकडे बघा. ९ ऑक्टोबर, अ‍ॅन आर्बर. क्रमवारीत पहिला विरुद्ध दुसरा, ८६,००० हून अधिक प्रेक्षक. हर्श आणि डेली दोघेही समोर. अजून १ नोव्हेंबर उजाडायचा होता, त्यामुळे दोन्ही संघ पूर्ण ताकदीचे. तिथे ३५-१२ हा फरक बोलका आहे. त्या सामन्यात मैदानावरचं घड्याळ बिघडलं आणि तिसरा क्वार्टर पंधराऐवजी तेवीस मिनिटं चालला, मग चौथा सात मिनिटांत आटोपला. एकूण वेळ साठच मिनिटं भरली, म्हणून निकालावर शंका घेण्याचं कारण नाही. जॉर्जिया टेकचंही तसंच: ५५-१३ अशी दाणादाण उडालेल्या या संघाने पुढे आपल्या विभागाचं विजेतेपद आणि शुगर बोल हा हंगामानंतरचा निमंत्रितांचा सामना जिंकला.

आता हंगामाचे दोन भाग करा. बर्टेलीच्या सहा सामन्यांत २६१ गुण, म्हणजे सामन्याला साडेत्रेचाळीस. लुजॅकच्या चार सामन्यांत ७९, म्हणजे वीसही नाहीत. एवढं पाहून "बर्टेली गेला आणि संघ बसला" असं लिहिलेलं नेहमी दिसतं. ते अर्धवट आहे. बर्टेलीच्या वाट्याला विस्कॉन्सिन-इलिनॉय आले. लुजॅकच्या वाट्याला आर्मी, ओटो ग्रॅहमचं नॉर्थवेस्टर्न आणि मग सैन्यदलांचे दोन संघ लागोपाठ. घसरण झाली, त्यात शंका नाही, पण तिचा मोठा भाग वेळापत्रकाचा आहे.

ते दोन संघ काय चीज होते, हे समजल्याशिवाय शेवटचा पंधरवडा कळणार नाही. आयोवा प्री-फ्लाइट म्हणजे नौदलाच्या वैमानिकांची पूर्वतयारी करून घेणारी शाळा. टॉम हॅमिल्टन या नौदल अधिकाऱ्याने या शाळांच्या शारीरिक प्रशिक्षणात फुटबॉलला मोठं स्थान दिलं होतं. संघात कॉलेज संपवलेले आणि व्यावसायिक लीगमध्ये खेळून आलेले गडी होते. प्रशिक्षक डॉन फॉरो, मिसुरीत 'स्प्लिट टी' हा टीचाच एक प्रकार काढणारे. त्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून जिम टेटम आणि बड विल्किन्सन. हा व्यूह तिथे शिकून टेटमनी तो मेरीलंडला नेला आणि विल्किन्सननी ओक्लाहोमाला. युद्धाने नकळत चालवलेली प्रशिक्षकांची एवढी चांगली शाळा दुसरी झाली नसेल. या संघाने त्या हंगामात एकच सामना गमावला, तो २० नोव्हेंबरला नोटर डेमच्या मैदानावर.

दोन्ही संघांनी दोन-दोन टचडाउन केले. नोटर डेमच्या दोन्ही किका बसल्या, आयोवाची एक हुकली. १४-१३. एका किकेवर अजिंक्यपद तरलं, म्हणून काही जण त्याला नशीब म्हणतात. पण किक हे रोजच्या सरावाचं काम आहे: सेंटरचा लांब स्नॅप, चेंडू धरणाऱ्याचा हात, मारणाऱ्याची पावलं, तिघांचा ताल. सतत माणसं बदलणाऱ्या सैन्यदलाच्या संघांत सर्वांत आधी बिघडतो तो हाच ताल. आठवड्याभराने ग्रेट लेक्सनेही सुरुवातीच्या दोन टचडाउननंतरच्या किका वाया घालवल्या.

ग्रेट लेक्स म्हणजे शिकागोच्या उत्तरेला सरोवराकाठचं नौदलाचं भरती प्रशिक्षणकेंद्र, प्रशिक्षक टोनी हिंकल. २७ नोव्हेंबरला ते १२-७ असे पुढे होते. नोटर डेमने शेवटी एक लांब, चिकाटीची चाल रचून १४-१२ अशी आघाडी घेतली. घड्याळात जेमतेम एक मिनिट. बचावाचं काम उघड होतं: सगळे मागे, कोणी पाठीमागे सुटता कामा नये. आणि नेमकं तेच झालं. सुमारे ४६ यार्डांचा पास, मोकळा सुटलेला एंड, १९-१४. थकलेल्या बचावात ही चूक हमखास होते. पास टाकणारा जागा सोडून पळू लागला की मागचे खेळाडू त्याला धरायला चार पावलं पुढे येतात, आणि तेवढ्यात पाठीमागे माणूस निसटतो. १९४१ पासून बदली खेळाडू हवा तेव्हा पाठवायची मुभा होती, त्याआधी बाहेर गेलेल्याला त्याच क्वार्टरमध्ये परत येता येत नसे. पण बदली पाठवायला ताज्या दमाची माणसं लागतात, आणि नोव्हेंबरअखेर ती नोटर डेमकडे पूर्वीइतकी नव्हती.

हरूनही पहिले का?

तेव्हा राष्ट्रीय विजेता ठरवायला अंतिम सामना नसायचा. असोसिएटेड प्रेसच्या मतदानात क्रीडा पत्रकार क्रमवारी लावत. नोटर डेम बोल सामने खेळत नसे, त्यामुळे पुढे काही घडण्याचाही संभव नव्हता. शेवटच्या यादीत नोटर डेम पहिलं, आयोवा प्री-फ्लाइट दुसरं, मिशिगन तिसरं, नेव्ही चौथं, पर्ड्यू पाचवं, ग्रेट लेक्स सहावं. नॉर्थवेस्टर्न नववं, आर्मी अकरावं आणि जॉर्जिया टेक तेरावं.

म्हणजे पहिल्या तेरांतले सात संघ नोटर डेमने अंगावर घेतले आणि सहांना हरवलं. अशी दुसरी यादी त्या वर्षी कोणाचीच नव्हती.

अपराजित पर्ड्यूवर अन्याय झाला का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण पर्ड्यूने त्याच ग्रेट लेक्सला हंगामाच्या सुरुवातीला हरवलं होतं. पण पर्ड्यूच्या उरलेल्या यादीत विस्कॉन्सिन, इलिनॉय आणि ओहायो स्टेट होते. तिघेही त्या वर्षी पोखरलेले. त्यातून इलिनॉयचे अ‍ॅगसी आणि बटकोविच पर्ड्यूकडूनच खेळत होते, म्हणजे इलिनॉयवरचा विजय काही अंशी इलिनॉयच्याच जोरावर. मिशिगन आणि नॉर्थवेस्टर्नशी त्यांची गाठच पडली नाही. पत्रकारांनी लावलेला क्रम योग्य होता, असंच माझं मत आहे. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइसमन करंडक बर्टेलीला मिळाला, फक्त सहा सामन्यांच्या बळावर. तेव्हा तो पॅरिस आयलंडवर प्रशिक्षण घेत होता. हे मात्र वादाला धरून आहे. पूर्ण हंगाम खेळलेला मिलर चौथा आला. संघाला सर्वांत जास्त सामन्यांत कोणी तारलं असं विचाराल तर मी मिलरचं नाव घेईन.

युद्धकाळातला कोणताही हंगाम तपासायचा असेल तर क्रम असा ठेवा. त्या कॉलेजात नौदलाची तुकडी होती की भूदलाची, हे पहिलं. खेळाडूंची नावं आदल्या वर्षीच्या यादीशी ताडून कोण कुठून आलं ते दुसरं. मग प्रत्येक सामन्याची तारीख १ जुलै, १ नोव्हेंबर आणि १ मार्च या तारखांसमोर ठेवा. त्यानंतर गुण बघा. बहुतेक जण गुणांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

आर्मीच्या १९४४ च्या संघाशी नेहमी तुलना होते, तीही याच क्रमाने करावी. रेड ब्लेक यांच्या त्या संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले, ५०४ गुण केले, ३५ दिले. नोटर डेमला ५९-० असं चिरडलं. पण वेस्ट पॉइंट ही स्वतःच लष्करी अकादमी. तिथल्या कॅडेटला हंगामाच्या मध्यात कोणी उचलून नेत नव्हतं, उलट इतर कॉलेजांतले चांगले खेळाडू तिथे येत होते. डॉक ब्लँचर्ड नॉर्थ कॅरोलायनात खेळून आलेला. ब्लेक यांच्याकडे दोन पूर्ण संघ उभे करण्याइतकी माणसं होती. समोर जे नोटर डेम होतं त्यात लेही नव्हते, लुजॅक नव्हता, दोघेही नौदलात होते. बर्टेली मरीनमध्ये होता, पुढे इवो जिमाला गेला. हे संघ एकमेकांशी ताडून पाहायचे असतील तर १९४३ आणि १९४४ दोन्ही वर्षं निरुपयोगी आहेत.

योग्य सामना ९ नोव्हेंबर १९४६ चा. पुन्हा यँकी स्टेडियम. लेही परत आलेले, लुजॅक परत आलेला, आर्मीकडे ब्लँचर्ड आणि ग्लेन डेव्हिस, सलग २५ विजयांची मालिका पाठीशी. ब्लँचर्ड मोकळा सुटला असताना बचावातल्या लुजॅकने त्याला एकट्याने पाडलं, आणि सामना ०-० असा सुटला. त्या वर्षीच्या शेवटच्या क्रमवारीत नोटर डेम पहिलं आलं, आर्मी दुसरं.